दादाचा समुद्र आणि आपली ब्युरेट
(तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन)

मित्रांनो, एफ. ई. ला केमिस्ट्रीचं एक प्रॅक्टिकल होतं, आठवतंय का? 'पाण्याचे काठिण्य काढणे.' ब्युरेटमध्ये ईडीटीए, फ्लास्कमध्ये नळाचं पाणी, चिमूटभर इंडिकेटर आणि 'वाईन रेड टू ब्लू' हा जगप्रसिद्ध रंगबदल. त्याच्या पुढच्या आठवड्यात अल्कलिनिटी, मिथिल ऑरेंज टाकून. आपल्यापैकी किती जणांनी ती रीडिंग्ज खरोखर घेतली आणि किती जणांनी मागच्या बॅचच्या जर्नलमधून 'घेतली', हा प्रश्न मी इथे विचारत नाही. सरही हे मासिक वाचतात.

मी स्वतः दुसऱ्या गटातला होतो. त्याचा पश्चात्ताप मला दोन वर्षांनी झाला, आणि तोही न्यू जर्सीहून आलेल्या एका फोनमुळे.

माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, तिकडे नोकरीला आहे. त्याच्या घरी समुद्र आहे. खरंच! पंचाहत्तर गॅलनची काचेची पेटी, त्यात खारं पाणी, दगड, दोन-चार मासे आणि मुख्य म्हणजे जिवंत प्रवाळ. याला तिकडे रीफ टँक म्हणतात. आजीला पहिल्यांदा व्हिडिओवर दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझ्या अंगठीतलं पोवळंच की रे! पण हे हलतंय कसं?" जात वेगळी असली तरी तिचं म्हणणं मुळात बरोबर होतं. तिच्या अंगठीतलं पोवळं काय आणि दादाच्या पेटीतले दगडी प्रवाळ काय, दोघांचाही सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचाच. फरक इतकाच की दादाचं पोवळं अजून बांधकामावर आहे.

(एक सूचना आधीच देऊन ठेवतो. हे वाचून कुणी रूमवर असला टँक लावायचा विचार करू नये. आपल्याकडे दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून संरक्षण आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते वाघाच्या पंक्तीत बसतात. बघायचेच असतील तर मालवणच्या समुद्रात बघावेत, लांबून आणि हात न लावता. तिकडे दादा जे पाळतो ते दुसऱ्यांच्या टँकमध्ये वाढवलेले छोटे तुकडे, रीतसर विकत घेतलेले.)

फोनचं कारण

आजीला ऐंशी पूर्ण होऊन वर डिसेंबर उजाडणार होता. कराडला सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम ठरला. दादाने यावं अशी तिची फार इच्छा. दादा तीन वर्षांत आला नव्हता, आणि त्याचं एक कारण तो कुणाला सांगत नसे. ते म्हणजे टँक.

त्याच्या आदल्या वर्षी तो पाच दिवस कंपनीच्या कामाला बाहेरगावी गेला होता. प्रवाळांना लागणारा सोडा थेंबथेंब सोडणारा पंप मधेच अडकला, तोही चालू अवस्थेत. बाटलीत उरलेलं सगळं द्रावण टँकमध्ये गेलं. वहिनी नोकरी आणि लहान मुलगी सांभाळून घरात, तिला टँक वरून ठीकच दिसला. दादा परत आला तेव्हा प्रवाळांची टोकं पांढरी पडली होती. आठवडाभरात सात गेले. त्यातलं एक हिरवं, फांद्यांचं, माझ्या पुतणीच्या जन्माच्या वर्षी आणलेलं. पुतणी दोन दिवस जेवली नाही.

तेव्हापासून दादाने एक यंत्र हेरून ठेवलं होतं. पाणी आपोआप तपासणारं. टँकशेजारी बसतं, दिवसातून ठरावीक वेळा थोडं पाणी ओढून घेतं, स्वतःच टायट्रेशन करतं आणि आकडा मोबाइलवर पाठवतं. अशी यंत्रं तिकडे बरीच मिळतात. काही नुसती अल्कलिनिटी मोजतात. २०१९ साली बाजारात आलेल्या ट्रायडंटसारखी काही यंत्रं अल्कलिनिटी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अशी तिन्ही मोजतात, पण त्यांना चालायला त्याच कंपनीचा कंट्रोलर लागतो.

दादा म्हणाला, "तू इन्स्ट्रुमेंटेशनचा ना? मग सांग, घेऊ का नको? हे घेतलं तर मी निर्धास्त तीन आठवडे येऊ शकतो."

मागून वहिनीचा आवाज आला, "भाऊजी, एवढंच विचारा त्याला. ते यंत्र प्रवाळ वाचवणार, का फक्त मरतायत हे फोनवर कळवणार?"

खरं सांगतो, सगळ्या अभ्यासाचा प्रश्न वहिनीने एका वाक्यात मांडला होता. पुढचा महिना मी त्याचं उत्तर शोधत होतो.

आधी, मोजायचं काय?

प्रवाळ सांगाडा बांधतो तेव्हा पाण्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट उचलतो. बायकार्बोनेटचा साठा म्हणजे ढोबळमानाने अल्कलिनिटी. टँकवाले ती 'डीकेएच' या जर्मन अंशात मोजतात. १ डीकेएच म्हणजे लिटरमागे सुमारे १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कलिनिटी. म्हणजे आपल्या जर्नलमधलंच एकक, फक्त कपडे वेगळे. खऱ्या समुद्रात ती ७ च्या आसपास असते, टँकवाले साधारण ७ ते ९ ठेवतात. कॅल्शियम समुद्रात ४१० ते ४२० पीपीएम आणि मॅग्नेशियम १,३०० च्या जवळपास.

आता गंमत बघा. कॅल्शियम कार्बोनेट बनताना दोन्ही गोष्टी ठरलेल्या प्रमाणातच वापरल्या जातात. १ डीकेएच अल्कलिनिटी खर्च झाली की त्याबरोबर सुमारे ७ पीपीएम कॅल्शियम जातं. म्हणजे ८ पैकी १ गेली, साडेबारा टक्के! आणि ४२० पैकी ७ गेलं, पावणेदोन टक्के सुद्धा नाही. मेसमधल्या भाषेत सांगायचं तर अल्कलिनिटी म्हणजे ताटातली एकुलती एक जिलबी आणि कॅल्शियम म्हणजे भाताचं पातेलं. पहिल्याच पंगतीत काय संपणार हे सांगायला नको.

मॅग्नेशियम तर सांगाड्यात फारच थोडं जातं, त्यामुळे त्याची पातळी आणखी हळू उतरते.

पहिला निष्कर्ष इथेच निघाला. रोज लक्ष ठेवावं अशी गोष्ट एकच, अल्कलिनिटी. कॅल्शियम आठवड्यातून एकदा आणि मॅग्नेशियम महिन्यातून एकदा हाताने तपासलं तरी पुरे. तिन्ही मोजतं म्हणून यंत्र तिप्पट उपयोगी, असं मुळीच नाही.

आणि या सगळ्याच्या आधी क्षारता. समुद्राचं पाणी किलोमागे ३५ ग्रॅम क्षार. टँकमध्ये ती ३३ झाली तर कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळंच त्या प्रमाणात कमी दिसणार, आणि आपण चुकीच्या रोगावर औषध देत बसणार. ही मोजायला रिफ्रॅक्टोमीटर पुरतो, पण तोही प्रमाण द्रावणाने तपासून घेतलेला हवा.

हातातल्या किटवर विश्वास किती?

दादाकडे हाताचं किट होतंच. सिरिंजने थेंब टाकायचे, रंग बदलला की थांबायचं. त्याची तक्रार अशी की "रीडिंग रोज वेगळं येतं, टँक स्थिर नाहीये."

मी म्हटलं, टँक स्थिर नाही की हात स्थिर नाही, हे आधी बघू. एका मगमध्ये टँकचं पाणी काढून त्याच पाण्याची सहा वेळा लागोपाठ तपासणी करायला सांगितली. दादाची रीडिंग्ज आली:

७.७, ८.०, ८.०, ८.३, ७.७, ८.०

सरासरी ७.९५, स्टँडर्ड डेव्हिएशन सुमारे ०.२३. मग त्याच मगमधून वहिनीने सहा वेळा केलं:

८.३, ८.३, ८.६, ८.३, ८.३, ८.०

सरासरी ८.३. पाणी तेच, किट तेच, घर तेच! वहिनीला रंग 'पूर्ण' बदललेला हवा असतो, म्हणून ती एक थेंब जास्त टाकते. दादा पहिली छटा दिसली की थांबतो. दोघांत ०.३५ चा कायमचा फरक.

सेकंड इयरला 'ॲक्युरसी' आणि 'प्रिसिजन' यांच्या व्याख्या आपण पाठ करून पाच मार्कांना लिहिल्या. त्या मला खऱ्या कळल्या त्या दिवशी. प्रत्येकाची स्वतःची रीडिंग्ज एकमेकांच्या जवळ येतात, ती पुनरावृत्ती. खऱ्या आकड्याच्या जवळ कोण आहे, ती अचूकता. ती ठरवायला माहीत असलेल्या अल्कलिनिटीचं प्रमाण द्रावण लागतं. ते आणून तपासलं तेव्हा वहिनी बरोबर निघाली. दादा थोडा वेळ गप्प होता.

यात शिकण्यासारखं आणखी एक आहे. एका रीडिंगची अनिश्चितता ०.२३ असेल, तर दोन रीडिंग्जच्या फरकाची त्याच्या वर्गमूळ दोन पट, म्हणजे सुमारे ०.३२. म्हणून काल ८.२ आणि आज ७.९ आलं तर 'घट झाली' असं म्हणताच येत नाही. तो आवाज आहे, सिग्नल नाही. आणि दादा त्या आवाजाकडे बघून रोज सोड्याचं प्रमाण बदलत होता! टँक अस्थिर नव्हता, तोच टँकला अस्थिर करत होता.

यंत्राचा मोठा फायदा इथे खरा आहे. ते प्रत्येक वेळी तेवढंच पाणी, तेवढाच थेंब वापरतं आणि रंग डोळ्याने नाही तर एलईडी आणि सेन्सरने बघतं, किंवा पीएच इलेक्ट्रोडने शेवटचा बिंदू पकडतं. पुनरावृत्तीत ते माणसाला सहज हरवतं. पण जाहिरातीत ठळक छापलेला बारीक आकडा बहुतेक वेळा पुनरावृत्तीचा असतो. अचूकता मात्र कॅलिब्रेशनवर अवलंबून. रसायन जुनं झालं, पंपाची नळी ताणली गेली, नळीत हवेचा बुडबुडा आला, तर यंत्र दिवसातून चार वेळा अत्यंत सुसंगतपणे चुकीचं सांगत राहील. आणि आपल्याला दोन दशांश स्थळं दिसली की आपला विश्वास बसतो! म्हणून यंत्र घेतलं तरी हाताचं किट कपाटात ठेवावंच लागतं.

टँकची भूक किती?

पुढचा प्रयोग. सोडा तीन दिवस बंद ठेवायचा (सुरुवात मुद्दाम थोडी वरून) आणि रोज संध्याकाळी, दिवे लागल्यावर त्याच वेळी, वहिनीनेच मोजायचं.

९.०, ८.३, ७.४, ६.६

तीन दिवसांत २.४ घट, म्हणजे रोज ०.८ डीकेएच. फरकाची अनिश्चितता ०.३२, ती तीन दिवसांत वाटली तर रोजची सुमारे ०.१. एका दिवसात मोजलं असतं तर ०.७ अधिक-उणे ०.३ असं काहीतरी आलं असतं, निम्मं अंधारात. तीन दिवस थांबल्याने त्याच स्वस्त किटने तिप्पट चांगलं उत्तर मिळालं. धीर हे सुद्धा एक उपकरण आहे, आणि त्याला रिचार्ज लागत नाही.

आता सोडा किती लागतो? टँकमधलं दगड-वाळू वजा जाता पाणी, खालच्या टाकीसह, सुमारे २५० लिटर. १ डीकेएच म्हणजे लिटरमागे ०.३५७ मिलिइक्विव्हॅलंट. २५० ने गुणलं की ८९. धुण्याच्या सोड्याचं, म्हणजे सोडियम कार्बोनेटचं, इक्विव्हॅलंट वजन ५३. गुणाकार केला की ४.७ ग्रॅम. म्हणजे या टँकला १ डीकेएच चढवायला ४.७ ग्रॅम सोडा, आणि रोजची भूक ०.८ म्हणजे ३.८ ग्रॅम. एक सपाट चमचाभर!

याच हिशोबाने मागच्या वर्षीचा अपघात तपासला. बाटलीत तेव्हा साधारण २५ ग्रॅम सोडा उरलेला होता. भागिले ४.७ बरोबर ५.३. म्हणजे ८ वरून अल्कलिनिटी एकदम १३ च्या पुढे. सात प्रवाळ का गेले ते कागदावर दिसलं. दादा म्हणाला, "हे मला तेव्हा माहीत असतं तर..." आणि पुढे बोलला नाही.

किती वेळा मोजायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि याचं उत्तर जाहिरातीत मिळत नाही. दिवसातून चार वेळा मोजणं चांगलं, पण कशासाठी?

टँक बिघडण्याचे दोन रस्ते आहेत.

पहिला : सोडा जाणं बंद पडलं. मग पातळी रोजच्या भुकेच्या वेगाने उतरते. आम्ही ६ ही धोक्याची रेघ धरली. नेहमीची पातळी ८.२. मग हातात असलेला वेळ = (८.२ − ६) ÷ ०.८, म्हणजे पावणेतीन दिवस. तपासणीचं अंतर यापेक्षा कमी हवं, एवढंच. दर दोन दिवसांनी कुणी बघितलं तरी वाईटात वाईट ६.६ ला पकडलं जाईल. पण समजा टँक प्रवाळांनी गच्च भरलेला आहे आणि भूक रोज २ डीकेएच आहे. मग तोच वेळ १.१ दिवस. तिथे दोन दिवसांनी येणारा माणूस उपयोगाचा नाही, तिथे यंत्रच हवं.

दुसरा : पंप चालूच राहिला. इथे गणित एकदम बदलतं. पंप बाटली तासाभरात रिकामी करू शकतो. यंत्र सहा तासांनी मोजणार. ते अगदी इमानदारीने कळवेल की १३ झाली. वहिनीचा प्रश्न तोच होता ना? हा अपघात मोजून थांबत नाही. तो थांबवायचा तर बाटलीतच जास्त सोडा ठेवायचा नाही! तीन आठवड्यांचा सोडा एकदम भरला तर ८० ग्रॅम होतो, तो सगळा सांडला तर जवळजवळ १७ डीकेएचची उडी. चार दिवसांचाच भरला तर १५ ग्रॅम, वाईटात वाईट ३.२ ची उडी. प्रवाळांना त्रास होईल, पण टँक साफ होणार नाही. या उपायाला वीज लागत नाही, वायफाय लागत नाही आणि किंमत शून्य.

मागच्या वर्षी ज्या अपघाताने प्रवाळ मारले, तो नेमका हा दुसरा होता. आणि दादा जे यंत्र घ्यायला निघाला होता, ते पहिल्याचं औषध होतं.

यंत्रालाच सोडा कमी-जास्त करू दिला तर? तीही सोय असते. आपल्या कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत लूप बंद केला. पण सेन्सर खोटं बोलू लागला तर बंद लूप उघड्यापेक्षा जास्त घातक, हे आपण ब्लॉक डायग्राममध्ये शिकलोच आहोत. आकडा खोटाच खाली दिसला, की कंट्रोलर सोडा ओततच सुटेल. म्हणून लूप बंद करायचा असेल तर मर्यादा घालून. रोजच्या ठरलेल्या मात्रेत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त बदल करायचा अधिकार यंत्राला द्यायचा नाही.

पैशाचा हिशोब

दादाने काढलेला अंदाज असा : तिन्ही मोजणारं यंत्र आणि कंट्रोलर मिळून सुमारे १,२०० डॉलर, रसायनं वर्षाला २५०. यंत्राचं आयुष्य तीन वर्षं धरलं तर वर्षाचा खर्च ६५०. दिवसाला चार प्रमाणे वर्षात १,४६० तपासण्या, म्हणजे एकीला सुमारे ४५ सेंट. हाताच्या किटची एक तपासणी साधारण २० सेंट आणि पाच-दहा मिनिटं.

म्हणजे दर तपासणीमागे यंत्र फार महाग नाही. प्रश्न असा की आपल्याला १,४६० उत्तरं हवी आहेत का? आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ पुरत असतील, तर उरलेल्या तेराशे उत्तरांचे पैसे कशाला?

शिवाय हे यंत्र बघत नाही अशा गोष्टींनीच टँक जास्त झपाट्याने मरतो. हीटर चालू राहून अडकला, किंवा वीज जाऊन पाण्याचं फिरणं थांबलं आणि प्राणवायू संपला, तर एका रात्रीत सगळं आटोपतं. म्हणून पहिला पैसा हीटरवर दुसरा स्वतंत्र थर्मोस्टॅट बसवायला, दुसरा बॅटरीवरच्या हवेच्या पंपाला, आणि मग उरला तर तपासणी यंत्राला.

मग यंत्र कुणी घ्यावं?

मी दादाला एका पानावर पाच प्रश्न लिहून पाठवले. ते इथे देतो, कारण टँकच्या जागी बॉयलर, वर्कशॉप किंवा आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवरची पाण्याची टाकी ठेवली तरी ते चालतात.

१. मोजायची गोष्ट किती वेगाने बदलते? (टँकची भूक दीड-दोन डीकेएचच्या वर असेल तर यंत्राकडे कल.)
२. हाताने मोजण्यातली चूक त्या बदलापेक्षा मोठी आहे का? असेल तर चार दिवस थांबून ती कमी करता येते का?
३. आकडा वाईट आला तर कृती कोण करणार, आणि किती वेळात? (कुणीच नसेल तर आकड्याचा उपयोग नाही.)
४. आपल्याला भीती वाटते तो अपघात मोजण्याने थांबतो, की मर्यादा घालण्याने?
५. यंत्रच बिघडलं तर ते कळणार कसं? (महिन्यातून एकदा प्रमाण द्रावणाने तपासायची आपली शिस्त आहे का?)

दादाची उत्तरं : बदल मध्यम. चूक कमी करता येते. कृती करायला शेजारचे निवृत्त गुजराती काका. भीती दुसऱ्या अपघाताची. आणि पाचव्यावर वहिनी म्हणाली, "यांनी रिफ्रॅक्टोमीटर दोन वर्षांत एकदा तपासलाय."

यंत्र नाही घेतलं. त्यातले काही पैसे थर्मोस्टॅट आणि हवेच्या पंपावर गेले, बाकीचे तिकिटांना लागले.

आणि डिसेंबरमध्ये काय झालं

शेजारच्या काकांना जाण्याआधी दोनदा टायट्रेशन शिकवलं. वहिनीने चार-चार दिवसांच्या बाटल्या भरून त्यावर नंबर टाकले, आणि प्रत्येक बाटलीवर रोज द्रावण कुठपर्यंत उतरलं पाहिजे त्याच्या रेघा मारल्या. शिवाय दोन-दोन ग्रॅम सोड्याच्या दहा पुड्या, अडचण आली तर म्हणून.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, त्यांच्या प्रवासाच्या दहाव्या दिवशी, कराडला रात्री फोन वाजला. काका म्हणाले, "बाटली तो परसों जितनी ही भरी है." आठव्या दिवशी बाटली बदलताना नळी पंपात नीट बसली नव्हती. दोन दिवस सोडा गेलाच नव्हता. काकांनी तपासलं, ६.६. आमच्या कागदावरचा 'वाईटात वाईट' आकडा! व्हिडिओ कॉलवर दादाने नळी बसवून घेतली. चार दिवस रोज एक पुडी पाण्यात विरघळवून सावकाश घालायला सांगितली, म्हणजे रोज ०.४ ची हळू चढण. पाचव्या दिवशी पातळी पुन्हा ८ ला टेकली. परत गेल्यावर एका प्रवाळाचं एक टोक फिकं पडलेलं दिसलं, बाकी सगळे शाबूत.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. यंत्र असतं तर हा बिघाड दोन दिवसांऐवजी सहा-बारा तासांत कळला असता, आणि ते एक टोकही वाचलं असतं. यंत्राची बाजू खोटी नाही. प्रवाळ वाढतायत, वाढले की भूक वाढणार, आणि मी दिलेल्या सूत्रातला वेळ कमी-कमी होत जाणार. दर सहा महिन्यांनी तीन दिवसांचा प्रयोग पुन्हा करायचा आणि भूक दीडच्या वर गेली की नुसती अल्कलिनिटी मोजणारं साधं यंत्र घ्यायचं, असं दादा-वहिनींचं ठरलंय. तिन्ही मोजणारं नाही.

मला मात्र एक गोष्ट लागून राहिली. बिघाड पकडला तो टायट्रेशनने नाही, तर बाटलीवरच्या रेघेने. काकांना रसायन कळत नव्हतं, पण रेघ कळत होती. उपकरण निवडताना आपण सेन्सर, रिझोल्यूशन, रेंज बघतो. पलीकडे वाचणारा माणूस कोण आहे, ते बघत नाही.

कार्यक्रमात आजीला ऐंशी दिव्यांनी ओवाळलं. पुतणी तिच्या मांडीवर बसून अंगठीतलं पोवळं निरखत होती. तिने विचारलं, "पणजी, याला रोज किती सोडा घालतेस?"

आणि हो, या वर्षी एफ. ई. ला असणाऱ्यांना एक विनंती. ते टायट्रेशनचं रीडिंग स्वतः घ्या. एकदा नाही, एकाच फ्लास्कच्या पाण्याचं तीनदा. तिन्ही वेगळी येतील. घाबरू नका, खोडू नका, तशीच लिहा. सर रागावले तर हा लेख दाखवा.